भोजराजच्या हातचा जोड

सिहोऱ्याच्या बाजार चौकात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याला लागून भोजराजचं वेल्डिंगचं. मधे एकच भिंत. ती भिंत कशासाठी बांधली हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही, कारण त्याचं ग्राइंडर सुरू झालं की माझ्या गिऱ्हाइकाला कोणतं बी हवं ते मला त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. मी किती वेळा भांडलो! भोजराज दर वेळी काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "दोन मिनिटं थांब मधुकर, होऊनच राहिलं." त्याची दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास.

ह्या भोजराजविषयी मी चौकात येणाऱ्या-जाणाऱ्याला बारा वर्षं जे सांगत आलो, ते पुरतं खरं नव्हतं. म्हणून आता लिहायला बसलो. लिहायची परवानगी त्यानं दिली, पण एक अट घातली. जहाजाचं नाव लिहायचं नाही, गोदीचंही नाही. "चूक माही होती, त्यायची नाही," म्हणाला. त्यामुळे वाचणाऱ्यानं इतकंच धरून चालावं की दक्षिणेत समुद्राकाठी एक गोदी आहे आणि तिथे आपल्या देशानं स्वतः बांधलेलं, विमानं वाहून नेणारं एक जहाज तयार झालं.

आम्ही दोघं एका वर्गातले. मी दहावी पास झालो, तो दोनदा परीक्षेला बसला आणि तिसऱ्यांदा सरळ तुमसरला एका उस्तादाकडे वेल्डिंग शिकायला गेला. परत येऊन त्यानं माझ्या शेजारी टिनाचं छप्पर टाकलं. तेव्हा आमच्या भागात ट्रॅक्टर नुकते येऊ लागले होते. धान कापणीच्या दिवसांत त्याच्या दारात मोडक्या ट्रॉल्यांची रांग लागायची आणि ट्रॉलीवाले शेतकरी माझ्या बाकावर येऊन बसायचे. चहा माझा, तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांचा. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पिकलं, कोणाच्या शेततळ्यात, बोडीत किती पाणी उरलं, कोणाची पोरगी कुठे दिली, सगळं त्या बाकावर कळायचं. आता लोक मोबाइलवर विचारून येतात, बी घेतात आणि गाडीला किक मारतात. तो बाक अजून आहे, पण त्यावर मीच बसतो. मला ते दिवस फार आठवतात, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्या ट्रॉल्यांचा पत्रा सडलेला असायचा. दोन पत्र्यांच्या मधे बोटभर फट. खरं तर तिथे नवा पत्रा लावायला हवा. पण धान बांधीत कापून पडलेलं, वर आभाळ भरून आलेलं, अशा वेळी नवा पत्रा आणायला तुमसरला कोण जाणार? भोजराज मग एक वेल्डिंगचा रॉड घ्यायचा, हातोडीनं ठोकून त्याच्यावरचा मसाल्याचा थर झाडायचा, उरलेली उघडी सळई त्या फटीत आडवी झोपवायचा आणि तिच्यावरून वेल्डिंग ओढायचा. फट गायब. आत नुसती सळई पडलेली, ती कशाला धड चिकटलेली नाही, हे वरून दिसत नाही. ह्यात फसवणूक नव्हती. शेतकऱ्यालाही माहीत असायचं की पुढच्या साली पुन्हा यायचं आहे. आमच्या झाडीपट्टीत प्रत्येक वेल्डरचा हात असाच चालतो.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर एका ठेकेदाराचा माणूस तुमसरला आला. गोदीसाठी वेल्डर हवे होते. चाळीस जणांची परीक्षा घेतली, तिघं निवडले, त्यात आमचा भोजराज. मी त्याला वेड्यात काढलं. "अबे, तू कधी नावेत तरी बसलास का?" पण त्याच्या बायकोनं, देवकावहिनींनी, त्याची बाजू घेतली. त्या चिखल्याच्या. त्यांचे वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे. वहिनी म्हणाल्या, "माह्या बापानं तीस वर्षं अंधारात काढली भाऊजी. यायनं समुद्राच्या हवेत चार काढली तं काय बिघडते?" त्यांची पाच वर्षांची पोरगी हर्षा मात्र बापाच्या पेटीवर बसून राहिली. एसटी चौकात येऊन उभी राहिली तरी ती पेटीवरून उतरेना. शेवटी मी तिला उचललं आणि तिनं माझ्या हाताला चावा घेतला.

मग तीन वर्षं भोजराज फक्त मंडईला दिसायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. ज्या दिवशी आपल्या गावची मंडई, त्या दिवशी लेकी, जावई, परगावी कामाला गेलेले सगळे घरी. दुपारी बाजार, रात्री नाटक. मंडईला न येणारा माणूस आजारी तरी असतो किंवा भांडलेला तरी. भोजराज आला की नाटकापेक्षा जास्त गर्दी माझ्या दुकानात व्हायची.

"केवढं हाये रे जहाज?" कोणीतरी विचारायचं.

"आपल्या चौकातून निघाला अन् पाव किलोमीटर चालला, तेवढी लांबी. वरचं मैदान तीन एकराचं. एकच बांधी समज, मधे एक धुरा-बांध नाही. अन् समोरच्या बाजूनं ते मैदान असं वर उचलेल हाये. विमान धावत येते अन् तिथून उडी मारते."

"अन् हे एवढं तुमी खालून वर बांधत नेता?"

"नाही जी. खोल्या खोल्या बांधतो. शेकड्यांनी. एकेक खोली आपल्या शाळेएवढी. मंग क्रेननं उचलून एकीले एक जोडतो. त्या जोडात माहा हात."

पोलादाची गोष्ट तर त्याला शंभरदा सांगायला लावायचो. ते पोलाद आधी परदेशातून यायचं होतं. आलं नाही. मग आपल्याच शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं खपून नवं पोलाद तयार केलं, त्याला चालतील असे रॉडही नवे बनवले. ते रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवायचे, गरम डब्यातून न्यायचे, जरा दमट झाले की फेकून द्यायचे. भोजराज म्हणायचा, आपण पुढच्या हंगामाचं बी जसं जपतो तसं तिथे रॉड जपतात. वेल्डिंगच्या आधी पत्रा तापवायचा, नंतर हळूहळू थंड होऊ द्यायचा. घाई केली तर पोलादाला आतून चीर जाते, तीही दोन दिवसांनी, तुम्ही घरी जाऊन झोपल्यावर. प्रत्येक जोडाचा ठिकठिकाणी एक्स-रे निघतो. आम्ही माना डोलवायचो. देवकावहिनी दारातून म्हणायच्या, "पोलादात मँगनीज टाकतात म्हणे. मंग माह्या बापाचा बी हात लागला असन त्या जहाजाले." त्यावर सगळे हसायचे, पण खरं सांगतो, मला ते पटलेलं होतं. मँगनीज घेऊन भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या मालगाड्या आम्ही लहानपणापासून बघतो.

दोन हजार बाराच्या मंडईला तो आला तेव्हा गप्प होता. नाटकाला पहिल्या रांगेत बसला आणि अर्ध्यातून उठून गेला. मला वाटलं, प्रवासानं दमला असेल. तो परत गेला आणि महिन्याभरानं पेटी घेऊन कायमचा घरी आला.

"काम संपलं," म्हणाला.

"अबे, पण जहाज अजून पाण्यातही उतरलं नाही."

"माह्या हातचं संपलं."

मी पुढे विचारलं नाही. उलट त्याच आठवड्यात त्याच्या दुकानावर माझ्या खर्चानं पाटी रंगवून लावली, 'जहाजवाले भोजराज वेल्डिंग वर्क्स'. तो नको नको म्हणत होता. मला वाटलं, लाजतो आहे. माझं डोकं असंच, एकदा ठरवलं की समोरच्याचं तोंड बघायचं नाही.

दहा वर्षांनी ते जहाज नौदलाकडे सोपवलं त्या दिवशी माझ्या दुकानातल्या टीव्हीपुढे उभं राहायला जागा नव्हती. मी भोजराजला ओढून आणलं. तो दारात मिनिटभर उभा राहिला, पडद्याकडे पाहिलं आणि "ट्रॉलीवाला थांबून राहिला" म्हणून निघून गेला. मला राग आला. किती भाव खायचा माणसानं! हर्षा मात्र पुढे बसून मैत्रिणींना दाखवत होती, "ते समोरचं वर उचललेलं दिसते ना, त्याच्या खाली माह्या बाबाचे जोड हायेत."

ही हर्षा बारावीनंतर तुमसरच्या आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला गेली. चौक महिनाभर ह्यावर बोलत होता. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "जहाजवाल्याची पोरगी आहे, पापड लाटणार का?" गेल्या वर्षी तिचा कोर्स संपला आणि त्याच गोदीतून परीक्षेचं बोलावणं आलं. नव्या कामासाठी माणसं घेत होते. भोजराजचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आनंद होता, पण अर्धाच.

रोज दुपारी तो तिला सराव करायला लावायचा. परीक्षेतला असतो तसा जाड पत्रा त्यानं कुठून तरी मिळवला होता. एके दिवशी मी बाकावर बसून पाहत होतो. हर्षानं दोन पत्रे वेल्डिंगचे छोटे टाके घालून उभे केले, पण टाके जरा चुकले आणि एका टोकाला फट रुंद झाली. तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही. सहज एक रॉड उचलला, हातोडीनं त्याचा मसाला झाडला, सळई फटीत झोपवली आणि होल्डर हातात घेतला. लहानपणापासून बापाला हेच करताना तिनं पाहिलं होतं.

भोजराज ओरडला. त्या माणसाचा चढा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यानं तिच्या हातातला होल्डर हिसकावून फेकला. "उठ. उठ तिथून!" हर्षा उठली, हातमोजे काढले आणि रडत घरी गेली.

भोजराज माझ्याकडे आला आणि बाकावर बसला. "मधुकर, मी काम संपलं म्हणून नव्हतो आलो. मले काढलं होतं."

मग त्यानं सांगितलं. त्या शेवटच्या मंडईसाठी दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट होतं. हातातला जोड संपला तरच सुट्टी. जोडाच्या शेवटी फूटभर जागेत दोन खोल्यांचे पत्रे नीट भिडत नव्हते, फट नेमापेक्षा रुंद. नियम असा, की हात थांबवायचा आणि साहेबाला बोलवायचं. ते कडा भरून घेतात, तपासतात, दोन दिवस जातात. "माहा हात थांबला नाही. मले कळाच्या आधीच रॉड ठोकून झाला होता. जशी इथं नेवारे पाटलाची ट्रॉली सांधतो तशीच. पाच मिनिटात फट बंद. एक्स-रे काढले ते दुसऱ्या जागेचे. कोणाले कळलं नाही, कधी कळलं बी नसतं."

"मग कळलं कसं?"

"मीच सांगतलं. नाटकात सगळे हसून राहिले होते अन् माह्या डोळ्यापुढं ती फट. सोळाशे पोरं झोपतीन त्या जहाजात. त्यायची बी कुठं मंडई असन, कोणी घरी वाट पाहत असन. गेलो अन् पह्यल्याच दिवशी साहेबापुढं उभा राह्यलो. मंग तेवढा भाग कापून काढला, नवा भरला. नऊ दिवस चौदा माणसं अडकून पडली. माहा गेट पास जमा झाला. नियमच हाये तो. बरोबर हाये."

मी काय बोलायला हवं होतं? मित्र म्हणून पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण मला आधी माझी पाटी आठवली. बारा वर्षं मी चौकात छाती काढून सांगत होतो आणि हा माणूस भिंतीपलीकडून ऐकत होता! मी म्हणालो, "आता हे हर्षाला सांगू नकोस. अशी सळई घालायची नाही एवढं बजाव, झालं. तिचा बाप तिच्या डोळ्यांतून कशाला उतरवतोस?"

"तेच भेव हाये," तो म्हणाला. "पन कारण सांगतलं नाही तं तिचा हात ऐकणार नाही. मले बी उस्तादानं नुसतंच नको म्हणून सांगतलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मशीन बंद करून तिला समोर बसवलं. देवकावहिनीही होत्या, मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यानं सगळं सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. वहिनींनाही हे नवीनच होतं. हर्षा ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं, "मंग त्या दिवशी टीव्हीपुढं मी सगळ्यायले सांगून राहिली होती, तवा तुमी दारात होते ना?"

"होतो."

"अन् बोलले नाही?"

त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत ती बापाशी बोलली नाही. सराव मात्र करत होती. फट जरा रुंद दिसली की टाके तोडून पुन्हा पहिल्यापासून पत्रे उभे करत होती. तुमसर रोडच्या स्टेशनवर आईच्या पाया पडली, माझ्या पडली, बापापुढे येऊन थांबली आणि बॅग उचलून डब्यात चढली. परतीच्या वाटेवर भोजराज म्हणाला, "परीक्षा पास होईन ती." मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. माझं ऐकलं असतं तर पोरगी हसत गेली असती.

ती पास झाली. आईला फोन करायची. बापाविषयी विचारायची, बापाशी बोलायची नाही. असे पाच आठवडे गेले. एका रविवारी दुपारी मात्र फोन भोजराजच्या मोबाइलवर वाजला. तो थ्रेशरच्या जाळीखाली वाकलेला होता, हात काळे. मीच फोन उचलला आणि स्पीकर लावून त्याच्यापुढे धरला.

"बाबा, जेवले का?"

"हाव," भोजराज म्हणाला.

"बाबा, काल आमाले ट्रेनिंगमधे एक तुकडा दाखवला. कापेल जोड. सगळ्यायच्या हातातून फिरला. वरून पाहाल तं एक नंबर वेल्डिंग, अन् कापेल बाजूनं पाहाल तं मधे रॉड झोपला हाये, गोल. मास्तर म्हणे, नागपूरकडचा कोणी होता, गावच्या जत्रेले जाची घाई होती, जहाजाले फसवून पळाला. तपासणीत सापडला म्हणे. सगळे हसले."

भोजराज जाळीखालून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला.

"मंग मी उभी झाली बाबा. म्हणली, सर, तपासणीत नाही सापडला. कोणालेच कळलं नव्हतं. तो गावावरून परत आला अन् त्यानं स्वतः येऊन सांगतलं. मास्तर म्हणे, तुले कोणं सांगतलं? मी म्हणली, त्यानंच. तो माहा बाप व्हय."

मी फोन त्याच्या आणखी जवळ धरला.

"तुले कायले सांगाची गरज होती वो बाई?" भोजराज कसाबसा म्हणाला. "आता तिथं तुह्याकडंच बोट दाखवतीन."

"दाखवू द्या. तुमी मले सांगतलं नसतं, तं मी बी हसली असती ना त्यायच्यासंगं."

तिची मैत्रीण हाका मारत होती, तिनं घाईनं फोन ठेवला. तेवढ्यात देवकावहिनी दुपारचा डबा घेऊन आल्या. नवरा जमिनीवर, मी डोळे पुसतो आहे, हे पाहून त्या घाबरल्या. "काय झालं? पोट्टीचा फोन होता का? काय म्हणे?"

भोजराज म्हणाला, "माहा बाप व्हय म्हणे. सगळ्यायसमोर."